वाग्दत्त राजवधूची शिळाछाप चित्रे : एलिझाबेथ, १८५३–५४

ऑस्ट्रियाचा तरुण सम्राट फ्रान्झ योझेफ आणि बव्हेरियाची एलिझाबेथ यांचा वाङ्‌निश्चय १९ ऑगस्ट १८५३ रोजी इश्ल या गावी जाहीर झाला, आणि २४ एप्रिल १८५४ रोजी व्हिएन्नाच्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये त्यांचा विवाह लागला. या दोन तारखांमधील आठ महिन्यांत भावी सम्राज्ञीची शिळाछाप चित्रे बाजारात येऊ लागली. चित्रकलेच्या इतिहासात या छापचित्रांना फारसे स्थान मिळालेले नाही. एलिझाबेथच्या चरित्रग्रंथांत ती मजकुराच्या सोबतीला येतात आणि पान उलटताच विसरली जातात. कलासमीक्षकांनी त्यांच्याकडे क्वचित लक्ष दिले तर ‘गोड, गुळगुळीत आणि निर्जीव’ एवढ्या तीन विशेषणांत त्यांची बोळवण केली. हा अभिप्राय खोटा नाही. तथापि ही निर्जीवता कशातून आली हा प्रश्न त्या अभिप्रायाने सुटत नाही, आणि प्रस्तुत विवेचनाचा विषय तोच आहे.

प्रथम वधूची त्या वेळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. एलिझाबेथचा जन्म २४ डिसेंबर १८३७ चा. म्हणजे वाङ्‌निश्चयाच्या वेळी तिला सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. तिची आई लुडोविका आणि सम्राटाची आई सोफी या सख्ख्या बहिणी. या मातांनी योजिले होते ते एलिझाबेथच्या थोरल्या बहिणीचे, हेलेनेचे, लग्न. सम्राटाने मात्र धाकटीला पसंत केले. हेलेनेच्या शिक्षणात भावी पदाचा काही विचार झाला असेल. धाकटीच्या बाबतीत तो करण्याचे कारणच कोणाला पडले नव्हते. निश्चयानंतर घाईघाईने तिच्या शिकवण्या सुरू झाल्या, आणि ऑस्ट्रियाचा इतिहास शिकविण्यासाठी काउंट यानोश माइलाथ या हंगेरियन इतिहासकाराची योजना झाली. अर्थात् ज्या महिन्यांत साम्राज्याला वधूची ओळख छापचित्रांतून करून दिली जात होती, त्याच महिन्यांत वधूला साम्राज्याची ओळख पाठांमधून करून दिली जात होती. दोन्हीकडे परिचय आरंभीचाच होता. चित्रकाराला, प्रकाशकाला, विकत घेणाऱ्याला ही मुलगी कोण आहे हे ठाऊक नव्हते. तिला स्वतःला तरी ते कितपत ठाऊक असणार!

आता प्रत्यक्ष चित्रांकडे वळता येईल. या प्रकारच्या चित्रांचा साचा बहुधा एकच असतो. आकृती कमरेच्या वरपर्यंतची, मस्तक किंचित वळविलेले, केस मधोमध भांग पाडून मागे नेलेले, वेण्यांचा भार डोक्यामागे बांधलेला, मान उघडी, वस्त्राला लेसची किनार. चेहऱ्यावर रेखाटकाने सर्वांत अधिक श्रम घेतलेले असतात. खांद्यांपासून खाली येताना खडूचा स्पर्श हलका होत जातो, बाह्या केवळ सूचित होतात, आणि छातीच्या खाली आकृती कोऱ्या कागदात विरून जाते. मागे भिंत नाही, पडदा नाही, खिडकीतून दिसणारा निसर्ग नाही. आकृती कोठे उभी आहे वा बसली आहे हे सांगता येत नाही, कारण ती कोठेच नाही.

अनेक छापचित्रे शेजारी शेजारी ठेवली असता आणखी एक गोष्ट निदर्शनास येते. त्यांतील चेहरे परस्परांशी जुळत नाहीत. कोठे हनुवटी गोल, कोठे निमुळती. कोठे डोळे मोठे आणि ओलसर, कोठे सामान्य. नाकाची ठेवणही बदलते. स्थिर राहतात त्या गोष्टी भांग, वेण्या, मानेची लांबी, लेस आणि मस्तकाचा कल. निराळ्या शब्दांत, व्यक्ती ओळखण्यास ज्या खुणा उपयोगी त्या अस्थिर आहेत आणि ‘वधू’ ओळखण्यास ज्या खुणा उपयोगी त्या पक्क्या आहेत. प्रत्येक रेखाटकासमोर वधू प्रत्यक्ष बसली होती असे समजण्याचे कारण नाही. एका चित्रावरून दुसरे, त्यावरून तिसरे, अशी ही वंशावळ वाढत जाई, आणि प्रत्येक पिढीत साम्याचा अंश कमी होऊन साच्याचा अंश वाढे.

या साच्याला शिलामुद्रणाच्या तंत्राने मोठे साहाय्य केले. ताम्रपटावर वा पोलादी पत्र्यावर चित्र कोरणारा कारागीर छटा दाखविण्यासाठी समांतर आणि छेदक रेषांचे जाळे विणतो. गालाचा उंचवटाही या जाळ्याच्या वळणानेच दाखवावा लागतो, त्यामुळे चेहऱ्यावर एक प्रकारची कठोर शिस्त उमटते. विल्यम आयव्हिन्स याने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या छापचित्रविषयक ग्रंथात या जाळ्याचे स्वरूप विस्ताराने उलगडले आहे. जे जाळ्यात बसत नाही ते चित्रातून गळते, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. दगडावर हे जाळे लागत नाही. बारीक वाळू घालून एका दगडावर दुसरा घासला की पृष्ठावर सूक्ष्म रवा येतो. त्या रव्यावरून तेलकट खडू हलक्या हाताने फिरविला की उंचवट्यांवर तेवढा तो बसतो आणि खोलगट भाग कोरे राहतात. पुढे डिंक व सौम्य आम्ल यांचा लेप देऊन दगड तयार करतात. ओल्या केलेल्या दगडावर शाईचा रूळ फिरविला असता कोरा भाग शाई नाकारतो, खडूचा भाग ती घेतो. परिणामी करड्या रंगाच्या छटा एकमेकींत अशा मिसळतात की रेषा कोठे संपली आणि सावली कोठे सुरू झाली हे डोळ्यांना कळत नाही. उजेडाचा बिंदू हवा तेथे पात्याने खरवडता येतो; डोळ्यातील तो ओलसर ठिपका बहुधा अशा खरवडण्यातूनच जन्म घेतो. कोवळी त्वचा, लेस, मोकळी मान यांसाठी याहून अनुकूल साधन त्या काळी नव्हते. मात्र जे साधन त्वचेला कोमल करते तेच चेहऱ्याची हाडे लपविते. आणि हाडे लपली की एक सुंदर मुलगी दुसऱ्या सुंदर मुलीसारखी दिसू लागते.

येथे एका योगायोगाची नोंद करण्यास हरकत नाही. शिलामुद्रणाचा शोध आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ ते १७९८ च्या सुमारास म्युनिकमध्ये लावला, आणि त्यासाठी लागणारा उत्तम चुनखडीचा दगड बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या खाणींतून निघे. वधू बव्हेरियाची, शोध बव्हेरियाचा, दगडही बव्हेरियाचा. पुढे हे तंत्र जगभर गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावरच. मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी पोथ्या वाचल्या त्याही पुष्कळशा दगडावरच्या. चित्रांची पाळी आपल्याकडे पुढे आली: पुण्यात चित्रशाळा १८७८ साली निघाली, आणि रविवर्म्याचा छापखाना जर्मन तंत्रज्ञांच्या हातांनी मुंबईत १८९४ साली सुरू झाला. महाराष्ट्रात दगडाने आधी अक्षर दिले आणि मग चेहरा. व्हिएन्नात चेहऱ्याचा व्यापार त्याआधीच भरास आला होता.

त्या व्यापाराचा अग्रणी योझेफ क्रीहुबर. १८०० साली जन्मलेल्या या चित्रकाराने सुमारे तीन हजार व्यक्तिचित्रे दगडावर रेखाटली. अधिकारी, सेनानी, गायिका, वैद्य, सरदार, असा त्या काळच्या व्हिएन्नातील नामवंत वर्ग त्याच्या खडूखालून गेला. अर्धी आकृती, विरत जाणारा खालचा भाग, कोरी पार्श्वभूमी ही बोली व्हिएन्नात रूढ करण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. म्हणून वधूच्या चित्रांची तुलना त्याच्या उत्तम कृतीशी करणे उद्बोधक ठरते. १८४६ साली त्याने काढलेले ‘लिस्टच्या घरची सकाळची मैफल’ हे चित्र प्रसिद्ध आहे. पियानोशी बसलेला लिस्ट, भोवती बेर्लिओझ, चेर्नी, व्हायोलिनवादक अर्न्स्ट, आणि एका बाजूस स्वतः क्रीहुबर. येथेही दगड तोच, खडू तोच, मृदुता तीच. परंतु लिस्टचा चेहरा त्याच्या हातांना बांधलेला आहे; तो काहीतरी करीत आहे, इतर ऐकत आहेत, आणि या करण्या-ऐकण्यातून प्रत्येकाचा स्वभाव वेगळा पडतो. क्रीहुबरने एकट्या पुरुषाचे अर्धचित्र काढले तरी त्या पुरुषाचे कर्तृत्व पाहणाऱ्याच्या मनात आधीच असते आणि कोरी पार्श्वभूमी त्या पूर्वज्ञानाने भरून निघते. वाग्दत्त वधूच्या मागची कोरी जागा भरण्यास पाहणाऱ्याजवळ काहीच नाही. बोली एकच असून ती एके ठिकाणी अर्थपूर्ण होते आणि दुसरीकडे पोकळ, याचे कारण रेखाटकाच्या कौशल्यात शोधून सापडणार नाही.

ही पोकळी भरण्याचे काम चित्राखालच्या अक्षरांवर पडते. शिळाछाप व्यक्तिचित्राच्या खाली नाव, पदवी, रेखाटकाचे व प्रकाशकाचे नाव, कधी कधी स्वाक्षरीची प्रतिकृती असे. चित्रसंग्रहांच्या याद्या करताना हा मजकूर बहुधा गाळला जातो वा संक्षिप्त केला जातो, ही मोठी हानी आहे. एलिझाबेथच्या घराण्याची पदवी ‘बव्हेरियाची’ अशी नसून ‘बव्हेरियातील’ अशी होती. जर्मनमधील एका शब्दयोगी अव्ययाच्या फरकाने राज्य करणारी शाखा आणि न करणारी शाखा वेगळ्या ओळखल्या जात. दरबारात या फरकाला फार किंमत होती. चित्रातील मुलगी ते अव्यय खांद्यावर वागवीत नाही. ते अक्षरांतच राहते. शिवाय दगडाची आणखी एक सोय लक्षात ठेवली पाहिजे: त्यावरील मजकूर घासून काढून नवा लिहिता येतो आणि वरचे चित्र जसेच्या तसे राहते. त्यामुळे वाग्दत्त कुमारीचा चेहरा विवाहानंतर अक्षरांच्या एका फेरफाराने सम्राज्ञीचा चेहरा होण्यास तांत्रिक अडचण अशी कोणतीच नव्हती. ज्या चित्रात व्यक्तीचा अंश थोडा त्याला असे स्थित्यंतर सोपे जाते. निर्जीवता ही येथे व्यापाराच्या दृष्टीने गुण ठरते, हे कटू असले तरी खरे आहे.

या चित्रांना मागणी कशामुळे आली हेही पाहावयास हवे. फ्रान्झ योझेफ २ डिसेंबर १८४८ रोजी, क्रांतीच्या धुमश्चक्रीत, अठराव्या वर्षी गादीवर आला. हंगेरीतील उठाव १८४९ साली रशियन सैन्याच्या मदतीने मोडला गेला आणि त्यानंतर फाशीची सत्रे झाली. व्हिएन्नात लष्करी अंमल १८५३ सालापर्यंत चालू राहिला. त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला यानोश लिबेनी या हंगेरियन तरुणाने सम्राटावर सुरीहल्ला केला. अशा राजवटीला लोकांसमोर ठेवण्यासारखा चेहरा कोणता होता? सम्राटाची चित्रे होती, पण तो बहुधा लष्करी पोशाखात असे. त्या पोशाखाने पाच वर्षांत लोकांना काय दिले हे लोकांना ठाऊक होते. विवाहाच्या निमित्ताने काही राजकीय कैद्यांना क्षमा जाहीर झाली आणि राजवटीच्या सौम्य होण्याची आशा वधूच्या नावाशी जोडली गेली. या आशेला भूतकाळ नसलेला चेहरा हवा होता. ज्या मुलीविषयी कोणालाच काही ठाऊक नाही तिच्याविषयी काहीही आशा करता येते. चित्रातील कोरी पार्श्वभूमी या दृष्टीने फार उपयोगाची.

यावर एक आक्षेप संभवतो. दरबाराने प्रकाशकांना असा चेहरा घडविण्याची आज्ञा दिली होती काय? तसे मानण्याची गरज नाही. प्रकाशक धंदा करीत होते. विवाहापूर्वी माल बाजारात यावा आणि शेजारच्या दुकानापेक्षा आधी यावा ही त्यांची घाई होती. घाईत पूर्वीच्या चित्रावरून नवे चित्र होते, आणि गिऱ्हाईकाला जे आवडेल ते चेहऱ्यात थोडे अधिक घातले जाते. येथे सुप्रसिद्ध जर्मन समीक्षक वाल्टर बेन्यामिन याचे एक मत उपयोगी पडते. शिलामुद्रणाने चित्राला दैनंदिन जीवनाच्या बरोबरीने चालण्याची गती दिली, असे त्याने १९३०–४० च्या दशकातील आपल्या प्रसिद्ध निबंधात म्हटले आहे. वधूच्या चित्रांच्या बाबतीत ही गती इतकी झाली की चित्र व्यक्तीच्या पुढे निघून गेले. दरबाराच्या कारस्थानापेक्षा ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. गिऱ्हाईक, प्रकाशक आणि रेखाटक यांनी मिळून, कोणीही न सांगता, दरबाराला सोयीचे तेच केले.

समीक्षकांचा दुसरा एक वर्ग या चित्रांना निर्जीव मानत नाही. उलट त्यांत तो फार जीव पाहतो, आणि त्याच्यापासून अधिक सावध राहणे भाग आहे. विवाहासाठी एलिझाबेथ डॅन्यूब नदीतून बोटीने आली, २३ एप्रिलला काचेच्या रथातून तिचा व्हिएन्नात समारंभपूर्वक प्रवेश झाला, आणि त्या रथात ती रडत होती असे चरित्रकार सांगतात. पुढील आयुष्यातील तिचे दुःख, दरबाराशी तिचे न जमणे, सततचे प्रवास, १८८९ साली पुत्राचा मृत्यू, १० सप्टेंबर १८९८ रोजी जिनीव्हात तिचा झालेला खून, हे सारे आजच्या वाचकाला ठाऊक असते. ते मनात घेऊन तो १८५३ चे छापचित्र उघडतो आणि त्या ओलसर डोळ्यांत भावी शोकाची छाया पाहतो. हा ओलावा पात्याने खरवडलेला आहे, आणि तो त्या काळच्या शेकडो बायकांच्या चित्रांत सापडतो. असाच प्रकार ओठांचा. होणाऱ्या सुनेचे दात पिवळे आहेत ही सोफीची तक्रार चरित्रांतून प्रसिद्ध झाल्यापासून मिटलेल्या ओठांना नवा अर्थ लावण्याचा मोह बळावला आहे. परंतु दात न दाखविणे हा त्या काळच्या व्यक्तिचित्राचा सर्वसाधारण संकेत होता. ज्यांचे दात शुभ्र होते त्यांचेही ओठ मिटलेलेच आहेत. चरित्रातून चित्रात अर्थ ओतणे सोपे असते. तो चित्रातूनच निघाला असे भासविणे मात्र अप्रामाणिक. ब्रिगिटे हामान हिच्या १९८१ च्या साधार चरित्राने एलिझाबेथविषयीच्या पुष्कळ भाबड्या कथा निकालात काढल्या. चित्रांच्या वाचनात तेवढी कठोरता अद्याप आलेली नाही.

त्याच १८५३ सालातील एक रंगचित्र तुलनेला घेतले म्हणजे छापचित्रांत काय नाही ते स्पष्ट दिसते. कार्ल पिलोटी आणि फ्रान्झ आडाम या दोघा म्युनिककर चित्रकारांनी मिळून ते काढले. आकृती पिलोटीची, घोडा आडामचा. स्टार्नबर्ग सरोवराकाठच्या पोसेनहोफेन या पितृगृहासमोर एलिझाबेथ घोड्यावर बसलेली आहे. कलाकृती म्हणून ते थोर नाही. दोन हातांची जोडणी त्यात जाणवते. तरी येथे मुलगी कोठेतरी आहे. तिच्यामागे तिचे घर आहे, खाली घोडा आहे, आणि घोडा आवरणे हे एक काम आहे. घोडदौड हा तिच्या आयुष्यातील खरा छंद पुढे ठरला, म्हणून हे चित्र अधिक खरे असे म्हणता येणार नाही. तसे म्हणणे म्हणजे वर ज्याचा निषेध केला तोच दोष पत्करणे होय. चित्राच्या स्वतःच्या मर्यादेत एवढेच म्हणता येते की येथे वधूला जागा आणि कृती या दोन गोष्टी मिळाल्या आहेत, आणि छापचित्रांनी तिला या दोन्ही नाकारल्या आहेत.

शिळाछाप व्यक्तिचित्रांचा बहर फार काळ टिकला नाही. म्युनिकचा नामांकित शिलामुद्रक फ्रान्झ हान्फ्श्टेंगल याने १८५३ मध्येच छायाचित्रणाचा धंदा सुरू केला, आणि विवाहाच्याच वर्षी, १८५४ साली, पॅरिसच्या डिस्डेरीने भेटपत्राच्या आकाराच्या छायाचित्रांचे पेटंट घेतले. आणखी काही वर्षांत लोक राजघराण्याचे चेहरे दगडावरून नव्हे तर काचेवरून छापून घेऊ लागले. एलिझाबेथने स्वतः १८६२ पासून अशी छायाचित्रे हौसेने गोळा केली. देशोदेशींच्या सुंदर स्त्रियांची चित्रे तिने मागवून घेतली, आणि तिचे ते संग्रह कोलोनच्या लुडविग संग्रहालयात आहेत. लुडविग आंगेरर, एमिल राबेंडिंग यांच्या कॅमेऱ्यासमोर ती बसली, आणि या छायाचित्रांतून प्रथमच एकच चेहरा पुन्हा पुन्हा ओळखू येतो. पण हे पर्व अल्पकालीन ठरले. १८६७ च्या हंगेरियन राज्याभिषेकानंतर लवकरच, वयाच्या तिशीच्या सुमारास, तिने छायाचित्रकारांसमोर बसणे बंद केले. प्रकाशकांचे काम त्यामुळे थांबले नाही. जुनी छायाचित्रे घेऊन त्यांवर कुंचला फिरविण्यात आला, पोशाख बदलण्यात आले, चेहऱ्यावर वय थोडे थोडे चढविण्यात आले, आणि सम्राज्ञीची ‘ताजी’ चित्रे विकली जात राहिली. ज्या बाईला तेव्हा साम्राज्यातील सर्वजण ओळखत होते तिचा चेहरा पुन्हा तिच्यावाचून तयार होऊ लागला, बराचसा १८५३ च्या पद्धतीने. फरक एवढाच की या वेळी ती आपण होऊन चौकटीबाहेर गेली होती.